म्हातारीचं गणगोत

शववाहिका चालवणाऱ्याशी कोणी हात मिळवत नाही. त्याच्या हे इतकं अंगवळणी पडलं होतं, की तो आपणच हात मागे बांधून उभा राहायचा. गॅरेजमधले दोस्त त्याला ‘शेवटची गाडी’ म्हणत.

“काय शेवटची गाडी, आज रिकामी?”

“तुझीच वाट बघतेय,” तो म्हणायचा, आणि सगळे लांबूनच हसायचे.

खोलीवर परतल्यावर मात्र हसायलाही कोणी नसायचं. तो अनाथाश्रमात वाढला होता. आई कोण, बाप कोण, कशाचाच ठावठिकाणा नव्हता.

एका सकाळी इस्पितळातून एका म्हातारीचा देह दफनभूमीत न्यायचा होता. शवागारातला माणूस म्हणाला, “हिला ना मूल ना बाळ. मागेपुढे कोणी नाही बिचारीला.” म्हणजे खड्डा खणणारा, चर्चचे पाळक आणि आपण, त्याने मनाशी धरलं. पटकन उरकेल.

फाटकातून गाडी आत वळवली आणि त्याचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. आत माणसंच माणसं! दुसऱ्या कोणाच्या वेळेत घुसलो की काय? तोवर एक धिप्पाड सुतार पुढे आला, गाडीचं दार उघडून त्याने पेटीला हात घातला.

“सावकाश हं. आमची ताई आहे.”

“तुम्ही भाऊ?”

“हो.”

पांढरी काठी टेकत एक आंधळी मुलगी आली. “मलाही धरू द्या, माझी बहीण आहे.” तिच्यामागे एक परका, उंच माणूस होता. त्याला इथली भाषा धड येत नव्हती. तो छातीवर हात ठेवून म्हणाला, “माझी पण बहीण.”

“केवढं हो खटलं तुमचं!” गाडीवाल्याच्या तोंडून निघून गेलं. “आणि तिकडे म्हणतात, हिला कोणीच नाही.”

“रक्ताचं नव्हतंच कोणी,” सुतार म्हणाला. “पण येशूमुळे आमचा सगळ्यांचा बाप एकच. मग ती बहीणच झाली की!”

माती देताना तो सवयीने गाडीपाशी जाऊन उभा राहिला. पाळकांनी मान वळवून पाहिलं. “भाऊ, तुम्हीही या. तिला इथवर तुम्हीच सोबत केलीत ना?”

त्याने मूठभर माती टाकली. मागे सरतोय तोच सुताराचा हात पुढे आला.

“मी शववाहिकेवाला,” तो चाचरत म्हणाला.

“मग? एवढी मोठी गाडी काय आम्हाला दिसली नाही?” सुताराने त्याचा हात धरला आणि बोलता बोलता धरूनच ठेवला. रंध्याने घट्टे पडलेला, खरखरीत, ऊबदार हात.

रविवारी तो त्यांच्या चर्चमध्ये प्रार्थनेला गेला. दाराजवळच बसला, उठून जायला बरं. पाळक येशूची एक गोष्ट सांगत होते. एका विधवेचा एकुलता एक मुलगा गेला होता. तिरडी गावाबाहेर निघाली होती. येशूला त्या आईचा कळवळा आला. तो जवळ गेला आणि त्याने तिरडीला हात लावला.

पुढे तो मुलगा उठून बसला, हे त्याने ऐकलं. पण त्याचं मन अलीकडेच थबकलं होतं. हात लावला? देवाच्या पुत्राने? ज्या लाकडाला शिवून आलो म्हणून लोक आपल्यापासून चार पावलं दूर राहतात, त्याला?

मग सगळे उठले आणि एका सुरात देवाला ‘बाप’ म्हणून हाक मारू लागले. त्याने ओठ हलवले, पण शब्द फुटेना. हा शब्द त्याने जन्मात कोणाला उद्देशून उच्चारला नव्हता. तो तडक बाहेर आला. भर उन्हात गाडीत बसला, दार लावून घेतलं आणि हळूच म्हणाला, “बाबा.”

आभाळातून आवाज आला नाही. पण गाडीतली शांतता बदलली. कोणीतरी ऐकतंय, आधीपासूनच ऐकत होतं, अशी ती शांतता होती. स्टिअरिंगवर डोकं टेकून तो पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिला, लहान पोरासारखा.

नंतर तो दर रविवारी जाऊ लागला. शंका विचारून विचारून त्याने पाळकांना भंडावून सोडलं. आणि थंडी सरल्यावर एका सकाळी तो बाप्तिस्म्यासाठी नदीत उतरला. पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावाने पाळकांनी त्याला पाण्याखाली नेलं आणि वर काढलं. नाकातोंडात पाणी गेलेलं, डोळे चुरचुरत होते. काठावर ही माणसं उभी! म्हातारे, तान्ही बाळं कडेवर घेतलेल्या बाया, तो परका उंच माणूस. सगळे गात होते.

“आलास का रे वर?” आंधळ्या मुलीने गाणं थांबवून विचारलं. “कुणीतरी सांगा ना मला!”

“आलो, ताई,” तो म्हणाला.

सुतार टॉवेल घेऊन गुडघाभर पाण्यात शिरला होता. “चल बाहेर, गारठशील.”

पण त्याचा पाय निघेना. पाणी त्याच्याभोवती चमचमत वाहत होतं, आणि काठावरच्या एकेका चेहऱ्याकडे तो बघतच राहिला.