आल्याची सालं

सौकमने मडक्याचे झाकण उचलले आणि आत डोकावून पाहिले. काळे व्हिनेगर पुन्हा दोन बोटे खाली गेले होते.

"एवढं आटतं कसं?" ती पुटपुटली आणि नवी बाटली फोडून मडक्यात ओतू लागली.

हेमार्केटच्या चिनी वस्तीत, डिक्सन स्ट्रीटच्या मागच्या बोळात तिच्या जडीबुटीच्या दुकानाचे आणि तामच्या भाजक्या बदकांच्या दुकानाचे अंगण एकच होते. तिथल्या शेगडीवर हे मडके पाच आठवडे ठाण मांडून बसले होते. गोड व्हिनेगर, त्यात जून आले. दिवसाआड एक उकळी. बाळ झाले की त्यात डुकराचे पाय आणि उकडलेली अंडी पडतात. हा वास आला की घरात बाळंतीण आहे, हे हेमार्केटमध्ये कुणाला सांगावे लागत नाही. त्यामुळे दुकानात येणारे प्रत्येक गिऱ्हाईक सौकमचे अभिनंदन करायचे आणि ती प्रत्येकाला आपले गुडघे दाखवायची.

"गुडघ्यांसाठी केलंय. गोळ्यांनी गुण येत नाही."

ताम तिच्या नवऱ्याचा जुना मित्र. नवरा गेला, पण तामचे 'वहिनी' काही सुटले नाही. दारात उभा राहून तो सुरी पुसत म्हणाला,

"ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता, वहिनी? गुडघ्यांना दिवस गेलेत का?"

"तू तुझी बदकं बघ."

ती पाटावर बसून आणखी आले सोलू लागली. सालं मात्र तिने फेकली नाहीत. वर्तमानपत्रावर एकेक पसरून उन्हात सरकवली. इथला उन्हाळा सरला होता, तरी मार्चचे ऊन अजून कडक होते.

"ही सालं कशाला जपताय?"

"कुंडीत घालायला."

"कुंडी कुठंय?"

सौकमने पुढचे आले सोलायला घेतले. ताम क्षणभर घुटमळला.

"विचारायचं असेल तर विचारा की मला काहीतरी," तो म्हणाला. "हर्स्टव्हिलला रोज बदकं पोचवतो मी."

"मला काही विचारायचं नाही."

हर्स्टव्हिल उपनगरात तिची एकुलती एक लेक राहत होती, पुइयी. पाच महिन्यांपूर्वी ती याच अंगणात, याच पाटावर बसली होती. पाचवा महिना चालला होता तिला. "आई, बाळंतपणाला महिनाभर माझ्याकडे ये," ती म्हणाली होती, "पण आधीच सांगते, मी केस धुणार. महिनाभर डोक्याला पाणी नाही, हे मला जमायचं नाही." सौकमने स्वतः पुइयीच्या वेळी नवव्या दिवशी डोके धुतले होते. तेव्हापासून जरा वारा लागला की तिचे कपाळ ठणकायचे. लेकीच्या कपाळी तेच येईल, याची तिला भीती वाटली होती. पण भीती तोंडातून बाहेर पडली ती अशी: "केसच धुवायचेत तर आई कशाला हवी? सलूनवाली ठेव."

पुइयी उठून गेली ती गेलीच. आई तशी लेक. दोघींपैकी एकीनेही फोन केला नाही. डॉक्टरांनी दिलेली तारीख उलटून आता अठरा दिवस झाले होते. मुलगा की मुलगी, लेक नीट आहे की नाही, सौकमला काही ठाऊक नव्हते. दिवसातून दहा वेळा ती फोन हातात घ्यायची आणि गल्ल्याजवळ उलटा ठेवायची. मग मडके उकळायला जायची.

मंगळवारी दुपारी ती एका म्हाताऱ्याला खारका तोलून देत होती. दार वाजले. तागडी हातात धरूनच तिने वर पाहिले. दारात पुइयी उभी होती. छातीशी कापडात बांधलेले बाळ, हातात रिकामी बरणी. सौकमने म्हाताऱ्याला पुडी बांधून दिली, पैसे घ्यायचे मात्र विसरली. म्हाताऱ्यानेच ते गल्ल्यावर ठेवले आणि तो निघून गेला.

पुइयीने बरणी पुढे केली.

"हे संपलं."

बरणी तामची होती. तो त्यात तिखटाची चटणी ठेवायचा. सौकमने मागच्या दाराकडे पाहिले. तिथे तामला एकाएकी बदक तोडायची फार घाई झाली होती.

"तामकाकांना रागावू नकोस," पुइयी म्हणाली. "आईनं विचारलं तरच सांगा, असं मीच म्हटलं होतं. तू विचारलंच नाहीस म्हणे. पाय आणि अंडी त्यांची, बाकी तुझ्या मडक्यातलं."

"कधीपासून खातेयस?"

"बाराव्या दिवसापासून. त्याआधी द्यायचं नसतं ना? मी आणू दिलं नाही."

सौकमने मनातल्या मनात दिवस मोजले. मग कापडाची कड बोटाने जराशी खाली केली. आत लालसर कपाळ आणि मिटलेली मूठ.

"मुलगी," पुइयी म्हणाली.

सौकमचे डोळे भरून आले. ते दिसू नयेत म्हणून तिने मान वर केली आणि मग तिला लेकीचे केस दिसले. ओले होते, मानेला चिकटलेले. पुइयीनेही तिची नजर पाहिली आणि हनुवटी उचलली.

"सकाळी धुतले. आता काय बोलायचंय ते बोल."

सौकम वळून आत गेली. पुइयी बाळाच्या पाठीवर हात ठेवून तशीच उभी राहिली. आतून फडताळ उघडल्याचा आवाज आला. सौकम बाहेर आली तेव्हा तिच्या एका हातात पंचा होता, दुसऱ्या हातात उशीएवढी कापडी पिशवी.

"नुसत्या पाण्यानं धुतलेस?"

"हो."

"ही आल्याची सालं आहेत, वाळवलेली. दोन मुठी घालून पाणी चांगलं उकळायचं, कोमट झालं की त्यानं धुवायचं. डोक्यात थंडी शिरत नाही."

पुइयीने पिशवी हातात घेतली आणि तिचे तोंड सोडून वास घेतला.

"एवढी? कधीपासून साठवतेयस?"

"मान खाली घाल," सौकम म्हणाली आणि पंच्याने तिचे केस खसाखसा पुसू लागली.

"वहिनी," मागून तामचा आवाज आला, "कुंडी सापडली वाटतं."

"बडबड पुरे," सौकम म्हणाली. तिचे हात थांबले नाहीत. "मडक्यात घालायला पाय आण. चार आण, आणि पुढचेच, मागचे नकोत."