राजा, सत्ती, दुर्री

“गोकुळ पुंजाजी याने प्रतिस्पर्ध्याचे पत्ते चोरून पाहिले, ही बाब निर्विवाद सिद्ध झाली आहे.” अमडापुरातील आमच्या गणेश मंडळाच्या समितीने हा निर्णय फलकावर लावला. निर्विवाद हे मात्र खरे, कारण वाद कोणी घालूच दिला नव्हता. आरोप करणारे हिंमतराव समितीचे अध्यक्षही होते. त्यांच्या मुलीशी, अनुपमाशी, गोकुळची सोयरीक ठरलेली होती आणि या एका वाक्याने ती टांगणीला लागली.

मोबाइलवरचा पैशांचा पोकर बंद झाला, तसा मुलांनी तो मंडपात आणला, पैशांऐवजी चिंचोके. प्रत्येकाच्या हाती दोन झाकली पाने, मध्ये सर्वांची तीन उघडी, बोलीनंतर आणखी दोन उघडायची. शेवटच्या डावात उघडी होती राजा, सत्ती आणि दुर्री, तिन्ही वेगवेगळ्या रंगांची.

“चार चिंचोके, मामा,” गोकुळ हिंमतरावांना म्हणाला.

“इथं ना रंग, ना सीक्वेन्स. कायच्या भरवशावर बे?”

“तुम्ही सांगा. येता का?”

हिंमतरावांनी पाने झाकलीच टाकून डाव सोडला. गोकुळने आपली उलगडली: गुलाम आणि दश्शी. म्हणजे काहीच नाही. मंडपात हशा उसळला. बघ्यांतला तुळशीराम म्हणाला, “हिंमतराव, पोरानं चिंचोक्यात उडवलं तुम्हाले.” तेव्हा हिंमतरावांनी नव्वीची जोडी आपटली. “यानं माझे पत्ते पाह्यले.”

समितीचा युक्तिवाद असा, की मध्ये रंग जमत नाही, क्रम जमत नाही, हातात काही नाही, तरी जो बोली लावतो तो पाहूनच लावतो. तीन पत्तीवर वाढलेल्या पंचांचे हे तर्कशास्त्र. वस्तुतः अशा कोरड्या पानांवरच लहान बोली शोभते. पुढच्या पानांनी डाव सहसा पालटत नाही, म्हणून कोणाला हुसकावण्यासाठी मोठी बोली लागत नाही. आणि समोरच्याला बहुधा काहीच लागलेले नसते, म्हणून थोडक्यात भागते. हाती राजा असो वा नसो, जाणता खेळाडू तेवढेच चिंचोके सारतो. शिवाय ज्याने नव्वीची जोडी पाहिली आहे, तो तिला चार चिंचोक्यांनी पळवू पाहील काय?

फेरसभेत मी हे मांडले. “आरोप खोटा निघाला तर सोयरीक कायम,” असा शब्द हिंमतरावांनी सभेआधीच दिला होता. अनुपमा मागच्या रांगेत बसली होती. तिने पदर सावरला आणि पहिल्यांदाच वर पाहिले. ठराव रद्द झाला.

लोक उठू लागले, तोच अर्जुनराव, समितीतले सर्वांत वयस्कर, म्हणाले, “गोकुळ, डाव तर जिंकला होता. मंग पानं उघडी काऊन केली बे?”

माझ्या सिद्धांतात या प्रश्नाला जागा नव्हती. जिंकलेली पाने झाकूनच ठेवायची, एवढे त्या पंचांनाही ठाऊक होते. ‘चुकून’ या एका शब्दाने सारे मिटले असते. मी मनात तोच शब्द जपत होतो. गोकुळने तो उच्चारला नाही. सोयरीक मोडली ती त्याच्या उत्तराने. ते जसेच्या तसे देतो:

“पत्ते म्या पाह्यले नाही, मामा. पण सोयरिकीच्या बैठकीत तुम्ही वांगे इकणाऱ्या माह्या बापाले इचारलं होतं, ‘पुंजाजी, वांग्यावर सून पोसशीन काय?’ अन् सारे हासले होते. तुमच्यावरही लोक हासले पाह्यजे, म्हून म्या पानं उघडी केली.”