माझा दसऱ्याचा हार

मित्रांनो, मी एक जुनी काळी सायकल आहे. कीर्तनकाराच्या घरची आहे म्हणून माझ्याकडून गोडगोड बोलण्याची अपेक्षा कराल, तर फसाल. क्षमेवरचं निरूपण माझं तोंडपाठ आहे. तरीही मी सूड घेतला, आणि तो कसा घेतला हे सांगायलाच आज तुमच्यापुढे उभी आहे.

माझे सुटे भाग कारखान्यात झाले, पण मला सायकलपण आलं ते रत्नागिरीच्या बाजारातल्या एका दुकानात. तिथूनच हरिश्चंद्रबुवांनी मला घरी नेलं. पितळी घंटी त्यांनी स्वतः निवडली. दुकानातल्या सगळ्या घंट्या वाजवून पाहिल्या आणि म्हणाले, "ही द्या. हिचा स्वर माझ्या झांजेशी जुळतो."

मिरजोळ्याच्या पलीकडे आमची वाडी. भात झोडून झालं, हवेत गारवा आला की आमचे दिवस सुरू व्हायचे. कार्तिकापासून पौषापर्यंत गावोगावचे उत्सव! कॅरिअरवर वळकटी, हँडलला झांज-चिपळ्यांची पडशी. आज या देवळात कीर्तन, तिथल्याच सभामंडपात मुक्काम, आणि पहाटे दवाने भिजलेला कातळाचा सडा ओलांडून पुढच्या गावी. चढावर बुवा मला हाताला धरून चालायचे. उतारावर मात्र अशी तान घ्यायचे की काजूतली पाखरं उडायची. दर दसऱ्याला माझ्या हँडलला झेंडूचा हार पडायचा. वर्षभराच्या कष्टाची माझी बिदागी ती एवढीच.

मग बुवांचे गुडघे गेले, आणि घरात ती आली. बुवांच्या पुतण्याची, सुजयची, गिअरवाली. सुजय एमआयडीसीत नोकरीला. पाऊस सरला की शनिवारी तिच्या पोटाला, पाठीला, नाकाला पिशव्या बांधायचा, त्यांत तंबू कोंबायचा आणि आरे-वारेच्या रस्त्याने निघायचा.

"काका, याला बाइकपॅकिंग म्हणतात."

"असं होय? आम्ही त्याला कीर्तनाला जाणं म्हणायचो."

मला त्याचा राग नव्हता. थंडीत समुद्राकाठच्या रस्त्याने जाण्याचं सुख मला ठाऊक आहे. राग आहे तो यंदाच्या दसऱ्याचा.

त्या सकाळी बुवांनी मला पुसलं, हळदकुंकू लावलं, हार घातला. ते पूजेला आत वळले न वळले तोच सुजयने तो हार उपसून गिअरवालीच्या गळ्यात घातला आणि फोटो काढला. एवढ्यावर थांबला असता तरी गिळलं असतं. पण त्याने पाना आणला आणि माझी पितळी घंटी काढून तिला बसवली.

"हिला काय करायचीय आता घंटी? परसातल्या कोंबड्या हाकायला?"

गोदाकाकू, बुवांची बायको, खळखळून हसली. "टेकव तिला कुंपणाला. माझ्या तोंडलीला आधार तरी होईल!"

तोंडली! माझ्या आऱ्यांतून तोंडली लोंबत होती, मित्रांनो. तेल नाही, फडकं नाही. आधीच गंजलेलं चेनकव्हर दवाने गळून पडलं. उघड्या पडलेल्या चेनकडे बघत मी मनाशी म्हटलं, असू दे. हिच्याच तोंडाने बोलेन.

मार्गशीर्ष आला. दत्तजयंतीला पलीकडच्या वाडीत बुवांचं कीर्तन होतं, आणि मागे झांज धरायला सुजय. संध्याकाळी जन्मकाळ, त्याआधी पोचायला हवं. सुजय दुपारीच जयगडला मुक्काम करून परतला होता. लवूची रिक्षा यायची होती, पण लवू भाडं घेऊन गेलेला गणपतीपुळ्यात अडकला. ऊन उतरू लागलं. बुवा अंगणात येरझाऱ्या घालू लागले.

"काका, माझ्या सायकलवर चला."

बुवांनी गिअरवालीभोवती एक प्रदक्षिणा घातली. "पिशव्या झकास आहेत रे. पण माणूस कुठे बसायचा? तंबूत?"

कॅरिअरच नव्हतं हो तिला!

"परसातली काढ," बुवा म्हणाले.

"ती? अहो, वेल चढलाय तिच्यावर!"

"चढलाय ना? मग उतरव."

वेल उतरला. सुजयने हवा भरली. ती टिकली, भक्तीने नव्हे, सुडाने.

नव्याकोऱ्या पांढऱ्या लेंग्यात सुजयने टांग मारली. मागे बुवा, मांडीवर पडशी. देवळाच्या उतारावर माझी वेळ आली. एक हिसका, की हा काजूच्या जाळीत! पण कॅरिअरवर ओळखीचं वजन होतं. आणि तेवढ्यात बुवांनी तान घेतली. कसा देऊ हिसका? आयुष्यात इतकी सरळ मी कधी चालले नव्हते.

पायऱ्यांपाशी बुवा उतरून आत गेले. मला पारापाशी लावायला सुजयने पुन्हा टांग मारली, आणि मी चेनने घास घेतला. लेंगा घोट्यापासून गुडघ्यापर्यंत टर्रकन फाटला! तो खाली, मी त्याच्यावर, आणि उरल्यासुरल्या वंगणाचा काळा पट्टा त्याच्या पोटरीभर. चेनकव्हरला वेळेवर तेल लावलं असतं, तर लेंगा वाचला असता. बदलायला सवड नव्हती. सुजय तसाच, अख्ख्या वाडीसमोर, झांज घेऊन बुवांच्या मागे उभा राहिला.

बुवांनी वळून पाहिलं. "श्रोतेहो, वैराग्य काही एकदम येत नाही. आमच्या सुजयला बघा, आज एका पायाला आलंय!"

देऊळ हसलं. परसातल्या कोंबड्या आठवल्या मला. घंटी असती तर तिथल्या तिथे वाजवली असती.

पूर्वरंग क्षमेवरच होता. मी पारापाशी उभी राहून शब्दन् शब्द ऐकला. मग बुवांना बुक्का लागला, झेंडूचा हार पडला. जन्म झाला, पाळणा झाला, आरती झाली. सुंठवडा खात माणसं पांगली. बुवा बाहेर आले, गळ्यातला हार काढून त्यांनी सुजयच्या हातात दिला.

"घाल."

"कुणाला?"

"दसऱ्याला जिचा काढलास, तिला. मला दिसलं नव्हतं वाटतं? तू आपणहून घालशील म्हणून थांबलो होतो."

सुजयने मान खाली घालून हार माझ्या हँडलला घातला. मग लेंगा सावरत हळूच म्हणाला, "काका, हिने मुद्दाम केलं असं वाटतं मला."

"केलं असेल बाबा. इतकी कीर्तनं ऐकलीत तिने. पण नुसतं ऐकून कोण सुधारतो?"

झेंडूचा तो वास आला आणि माझं अंग अंग भरून आलं. खोटं कशाला बोलू? पण मित्रांनो, घंटी अजून गिअरवालीच्याच नाकाशी आहे. थंडी अजून पौषभर आहे. आणि सुजयकडे पांढरा लेंगा अजून एक आहे.

म्हणून सांगते, घरातल्या जुन्या सायकलीला पुसा, तेल घाला, आणि जिचं आहे ते तिला परत करा. भक्तीने जमत नसेल, तर भीतीने करा.