लाल रेग्झीनच्या आत

मित्रांनो, मी एक जुनी बॅलन्स बीम आहे. बीम म्हणजे चार पायांवर उभी केलेली, तळव्याएवढी अरुंद तुळई. तिच्यावर मुली चालतात, उड्या मारतात, कोलांट्या घेतात. आज मला विट्याजवळच्या एका गावात तालमीसमोर मांडलं आहे.

चाळीस वर्षांपूर्वी धोंडिराम सुतारांनी आपल्या लेकीसाठी, दीपमालासाठी, मला आंब्याच्या लाकडातून घडवलं. तेव्हा आमच्या भागात जिम्नॅस्टिक्स खेळणारी दुसरी मुलगीच नव्हती. तालमीत पोरगी, आणि तीही आखूड कपड्यात! गाव नाकं मुरडायचं. दीपमाला कुणाला भीक घालत नसे. पडायची, गुडघे पुसायची, पुन्हा चढायची. सांगलीच्या स्पर्धेत ती पहिली आली, मग राज्याचं पदक आणलं. तेव्हा नाकं मुरडणाऱ्यांनीच मला हार घातला. लय मिरवले मी!

पुढे राष्ट्रीय स्पर्धेत तिचा गुडघा गेला आणि खेळ संपला. ती सांगलीत मुलींना शिकवू लागली. माझी मात्र कुणी आठवण काढली नाही. गळक्या पत्र्याखाली, खताच्या पोत्यांच्या ओझ्याखाली मी कित्येक पावसाळे काढले. तिथंच मला वाळवी लागली.

आज दीपमालाताईंचा सत्कार आहे. ताईंच्या दहा वर्षांच्या शिष्येनं, रेश्मानं, ताईंच्याच बीमवर खेळून दाखवायचं, असं तालीम चालवणाऱ्या नानासोंनी हौसेनं ठरवलं. सांगलीहून चांगली बीम आणायला ते तयार होईनात. मला पुसून त्यांनी वरून लाल रेग्झीन ठोकलं. मी किती देखणी दिसते! मला माझीच भीती वाटते.

मघाशी ताईंनी माझ्यावर हात फिरवला. मधोमध तो थांबला. तिथं मी पार पोकळ आहे.

"नानासो, रेग्झीन जरा काढा. मला लाकूड बघायचंय."

"आवं ताई, पाव्हणं येऊन बसल्यात. आता कवा काढायचं? तुमचीच बीम हाय न्हवं?"

सगळे बघत होते. ताईंच्या खांद्यावर नुकतीच शाल पडली होती. साऱ्या गावाला न जुमानणारी ती पोरगी आज भिडेला बळी पडली. कसंनुसं हसून खुर्चीवर जाऊन बसली.

मित्रांनो, जुन्या वस्तूचा मान नुसता वरून राखू नका, तिला आतून तपासा. शंका आली तर चारचौघांत बोला. कुणाला वाईट वाटलं तर वाटू दे. मला तोंड नाही, तुम्हाला आहे.

रेश्माचं नाव पुकारलंय. ताई खुर्चीच्या कडेला सरकल्यात, पण उठत नाहीत. पोरीनं माझ्यावर दोन्ही हात टेकलेत.

कुणीतरी तिला थांब म्हणा.