आनेच्या डावखुऱ्या पेंड्या

पाटीवरचा कपडा नगराध्यक्षांनी ओढला, टाळ्या वाजल्या, आणि ऐंशी वर्षांच्या थिराने चष्मा लावून वाचलं: 'हे समुद्री गवताचं छप्पर बेटावरच्या दर्यावर्दी पुरुषांनी घातलं.'

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दर्यावर्दी पुरुष घरी असायचे कधी? छपरं बायकाच घालत. गावातल्या तीस-चाळीस जणी एका दारात जमायच्या आणि गवताच्या पेंड्या पिळायच्या. घरी एखादा पुरुष असलाच, तर त्या दिवशी त्याने मुकाट्याने लापशी ढवळायची, अशी रीत होती. आता ह्या घराचं संग्रहालय झालं होतं. थिराच्या आईचे, आनेचे हात ह्याच छपराला लागले होते, पण आनेचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं. ह्या पाटीवर तरी ते काम बायकांच्या नावे लागावं, एवढंच थिराला हवं होतं.

"थिरामावशी, ये ना," नगराध्यक्ष व्हिलाद्स म्हणाला. "एक पेंडी पिळून दाखव. फोटो घ्यायचाय."

"मी कशाला? पाटीवर पुरुष आहेत ना? तूच पीळ की."

लोक हसले. व्हिलाद्सने कोट काढला, बाह्या सरसावल्या आणि मूठभर गवत मोठ्या ऐटीत पिळलं. हात सोडताच सगळं उलगडून त्याच्या बुटांवर पडलं.

"अगं, जुन्या कागदांत सगळी पुरुषांचीच नावं आहेत," तो ओशाळून म्हणाला. "काहीतरी पुरावा नको का?"

"पुरावा तुझ्या डोक्यावर आहे. वर बघ." थिराने त्याला वळचणीखाली उभं केलं. "सगळ्या पेंड्या उजवीकडे पिळल्यात. दारापासून खिडकीपर्यंतच्या नऊ मात्र डावीकडे. माझी आई डावखुरी होती. बायका चिडवायच्या, आने, तुझं छप्पर पहिल्या वादळात उडणार. सत्तर वर्षं झाली. उडालं?"

व्हिलाद्सने एक पेंडी धरून जोरात ओढली. ती हलली नाही.

"माझी आजीही होती का ह्यात?" त्याने हळूच विचारलं.

"खिडकीच्या पलीकडे. तिच्या पेंड्या जरा ढिल्या, पण टिकल्यात."

मग त्याने कुणाला न सांगता पाटीचे स्क्रू स्वतःच काढले. "नवीन करून आणतो. काय लिहायचं, सांग."

"बायकांनी घातलं म्हणून लिही. आणि नऊ पेंड्या डावखुऱ्या आनेच्या."

"आजीच्या ढिल्या, तेही लिहू?"

"ते राहू दे. आता जा, आत पाहुण्यांसाठी लापशी चढवलीय, ढवळली नाही तर खाली लागेल."

थिरा बाकावर बसली. जन्मभर तिने उजवीकडेच पिळलं होतं. आज पहिल्यांदाच तिने एक पेंडी डावीकडे पिळली. बोटं अडखळली, पण पीळ बसला, आणि तिची मान आपोआप ताठ झाली.

फोटोवाला इकडेतिकडे बघू लागला. "नगराध्यक्ष कुठे गेले?"

"स्वयंपाकघरात," थिरा म्हणाली. "छपराचा दिवस आहे."