केसानं गळा

कपाशीच्या सरीत दगडाबाईचे हात थांबले. बांधापलीकडच्या ओट्यावरून धाकट्या जावेचं, बनुबाईचं हसणं पुन्हा ऐकू आलं. सोबत त्या नगरच्या पोरीचं. सावेडीची ही एंजेला, कॉलेजात शिकणारी, दोन दिवसांपासून गावात मुक्कामाला होती. बायामाणसं रोजच्या बोलण्यात काय काय म्हणतात अन् त्याचा अर्थ काय, ते वहीत उतरवून घ्यायची. त्याचं पुस्तक निघणार होतं, सांगणाऱ्यांच्या नावासकट.

पाथर्डीच्या या अंगाला दगडाबाईसारखी बोलणारी बाई नव्हती. भांडणात तिचा एक शब्द पडला की समोरचा गार. अन् एसटीतून उतरलेली पोरगी गाठ पडली नेमकी बनुबाईला!

"अंगाचा तिळपापड झाला म्हंजी लई राग आला," बनुबाईचा आवाज आला. "अन् दात काढनं म्हंजी उगंच हसनं."

दगडाबाईनं बोंड असं ओचकलं की नखात टोक घुसलं. "माज्याच तोंडातलं उचलून सांगती भवानी!"

दुपारी नळावर एंजेला एकटीच भेटली. दगडाबाईनं हंडा खाली आदळला.

"पोरी, त्या बनीला काय इचारती? नांदायला आली तवा तिला धड चार शब्द बोलता येत न्हवते. समदं म्या शिकिवलं. अन् आता तिनंच केसानं माजा गळा कापला."

"केसानं गळा?" एंजेलानं लगेच वही काढली. "म्हणजे काय हो मावशी?"

"तिलाच इचार जा!"

घरी आल्यावर मात्र दगडाबाईला चैन पडेना. पोरगी खरंच विचारील की काय? हंडा उंबऱ्यातच ठेवून ती तरातरा जावेकडं निघाली. ओट्याशी पोचली तर एंजेलाचं विचारून झालेलं.

"गोड बोलून इस्वासघात करनं," तूर पाखडता पाखडता बनुबाई सांगत होती. "लई वंगाळ हाय ते. कोन म्हनलं गं? कुनाला?"

एंजेलाची नजर दगडाबाईवर गेली अन् तिनं वही मिटली.

"म्या म्हनले," दगडाबाई म्हणाली. "तुला."

बनुबाईचं सूप हातातच राहिलं. तिचे डोळे भरून आले.

"बाई," ती म्हणाली, "काल या पोरीनं माजं नाव इचारलं. म्या म्हनलं, माजं नगं, जावंचं लिव्ह. बोलनं त्यांचं हाय. दाव गं वही."

एंजेलानं पहिलं पान उघडलं. दगडाबाईला अक्षरओळख नव्हती.

"काय लिव्हलंय?"

"दगडाबाई," एंजेलानं वाचलं. खाली दुसरं नावच नव्हतं.

दगडाबाई मटकन ओट्यावर बसली. पदरानं तोंड पुसलं, नाक पुसलं.

"बनुबाई लिव्ह," ती म्हणाली. "माज्या वर लिव्ह. मन मोठं हाय तिचं."

एंजेलानं लिहिलं. दगडाबाई वाकून दोन्ही नावं न्याहाळू लागली.

"अगं बने, तू सातवी शिकलेली. सांग, दिसायला मोठं कंचं? तुजं का माजं?"

डोळे पुसता पुसता बनुबाईला हसू फुटलं. "तुमचंच, बाई. एक अक्षर जास्ती हाय."

दगडाबाईनं मान हलवली. पण खात्री वाटेना, म्हणून एंजेलाकडून तिनं ते पुन्हा एकदा मोजून घेतलं.