खुर्चीला सांगितलेलं

आमच्या दादाला कुणी विचारलं, "चहा घेणार का?" तरी तो म्हणायचा, "तुला काय वाटतं?" वहिनी वैतागायची. म्हणायची, याच्याशी संसार म्हणजे आरशाशी भांडण. मी त्याची धाकटी बहीण. माझ्या जिभेला हाड नाही असं तोच म्हणतो, तेव्हा हे मीच सांगितलेलं बरं.

दादा मानसशास्त्राचा प्राध्यापक. नातेवाईक त्याला 'वेड्यांचा डॉक्टर' म्हणून हसायचे आणि स्वतःच्या घरात काही बिनसलं की गुपचूप त्याचंच दार वाजवायचे. उभं आयुष्य त्यानं विद्यार्थ्यांना एकच गोष्ट शिकवली. समोरच्याला सल्ला द्यायचा नाही, त्याचं उत्तर त्यालाच सापडू द्यायचं. त्याचा खुर्चीचा तास तर गाजलेला. वर्गात एक रिकामी खुर्ची ठेवायची, ज्याच्याशी बोलायचं राहून गेलं तो माणूस तिथे बसलाय असं समजायचं आणि मनातलं सगळं बोलून टाकायचं. चांगली दांडगी मुलं त्या खुर्चीसमोर हमसून रडताना मी पाहिली आहेत. दादा निवृत्त झाला तेव्हा विद्यार्थ्यांनी तीच खुर्ची उचलून घरी आणून दिली. लाकडी, एक हात झिजलेली. ती बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी बसली ती बसलीच.

वहिनी गेली आणि त्या घरात दादा आणि खुर्ची एवढेच उरले. मी पलीकडच्या गल्लीत राहते, किल्ली माझ्याकडे असते. परवा दुपारी डबा ठेवायला गेले तर आतून दादाचा आवाज आला. कोण आलंय म्हणून मी दारातच थबकले. दादा त्या रिकाम्या खुर्चीसमोर बसून बोलत होता.

"ठकू, जाऊ नकोस. तुझी आई गेल्यापासून हे घर मला खायला उठतं. जेवताना मी रेडिओ लावतो. बातम्या ऐकायला नाही गं, कुणीतरी बोलत असावं म्हणून."

ठकू त्याची लेक. तिला परदेशात कायमची नोकरी मिळत होती. सोमवारपर्यंत हो की नाही कळवायचं होतं आणि त्याआधी ती बाबांना विचारायला येणार होती. मी खाकरले. दादा चोरी पकडल्यासारखा उठला आणि उगाच पडदा सारखा करायला लागला. मी म्हटलं, हेच, जसंच्या तसं, तिच्यासमोर बोल. तो म्हणाला, तिच्या निर्णयावर आपलं ओझं टाकणं बरोबर नाही. मी म्हटलं, तू तिचा बाप आहेस, परीक्षक नाहीस. त्यानं तो पडदा पुन्हा एकदा सारखा केला. शेवटी म्हणाला, सांगतो.

ठकू शनिवारी आली. सोफ्यावर नेहमीप्रमाणे दादाची पुस्तकं पसरलेली, म्हणून ती नेमकी त्याच खुर्चीत बसली. मला वाटलं, चला, देवच पावला. दादानं फक्त तोंड उघडायचं होतं.

"बाबा, तुम्हीच सांगा. मी जाऊ का?"

दादानं चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला. मी स्वयंपाकघराच्या दारातून डोळे मोठे करून त्याच्याकडे बघत होते. त्यानं चष्मा परत घातला.

"तुला काय वाटतं?"

ठकू त्याच्याकडे बघत राहिली. तिनं त्याला पुरेपूर वेळ दिला, हे मी शपथेवर सांगेन. मग ती म्हणाली, "मला वाटतं, जावं."

"हं," दादा म्हणाला. "तुला जावंसं वाटतंय."

माझ्या हातातली पळी मी ओट्यावर आदळली. त्याचाही काही उपयोग झाला नाही. रविवारी दुपारी ती निघाली, तेव्हा दादानं तिची बॅग दारापर्यंत उचलून दिली आणि प्रवासात पाणी पीत राहा म्हणाला.

तिला टॅक्सीपर्यंत सोडायला मी गेले. मला राहवलं नाही, दादा खुर्चीशी काय बोलला ते सगळं तिला सांगून टाकलं. रेडिओचंसुद्धा. ती ऐकत होती, रडत होती. मला वाटलं, आता ही बॅग घेऊन परत फिरणार.

"खुर्चीला सांगितलं ना, आत्या," ती म्हणाली. "मी दोन दिवस त्याच खुर्चीत बसून होते."

तिनं माझा हात दाबला आणि टॅक्सीचं दार ओढून घेतलं.

मी तणतणत परत आले. लोकांच्या मनाच्या गाठी सोडवण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला स्वतःच्या पोरीला 'राहा' एवढं म्हणता येऊ नये? चांगलं खडसवायचं ठरवूनच मी दार उघडलं. दादा खिडकीपाशी, त्या रिकाम्या खुर्चीसमोर बसला होता. एवढासा दिसत होता. माझा राग तिथेच गळाला.

मी त्या खुर्चीत बसले. म्हटलं, दादा, मला सांग. माझ्याशी बोल.

त्यानं माझ्याकडे बघितलं. ओठ हलले. मग नेहमीच्या, शांत, प्राध्यापकी आवाजात त्यानं विचारलं, "तू दमली असशील ना?"

चहा टाकते म्हणून उठले, आत गेले आणि गॅस न पेटवता उभी राहिले. खुर्ची रिकामी झाली होती. थोड्या वेळानं बाहेरून आवाज आला.

"ठकू, जाऊ नकोस."